राखण

जोएल मिबेइ सकाळी सहाला
ओल्या गवतातून जातो पांढऱ्या पेटीकडे.
झडप उघडतो, श्वास रोखून धरतो
(तोंडाची वाफ लागली तर पारा खोटं बोलतो)
आणि आकडा लिहितो.
केरिचोच्या वर, चहाच्या मळ्यात, एकतीस वर्षं.

त्याची आई म्हणायची, ताप खाली राहतो,
तळ्याकाठी, किसुमूला.
डोंगर चढायचा तर त्याला धाप लागते.
कधी कुणी अंगातून घेऊन यायचा वर,
कुडकुडायचा, उठायचा किंवा जायचा.
शेजारच्याला लागायचा नाही.

डास तेव्हाही होते.
विटांच्या खाणीत, गाईच्या खुराच्या खळग्यात
अळ्या वळवळायच्या.
पण गारठ्यात मादीच्या पोटातला तो जीव
पिकायचाच नाही,
आढीत न घातलेल्या फळासारखा कच्चा राहायचा
आणि ती मरायची आधीच,
दोन-तीन आठवड्यांची म्हातारी, कुणाचं काही न बिघडवता.
अठरा अंशांच्या खाली असं
रोज कुणीतरी वाचायचं,
आणि वाचलेल्याला पत्ता नसायचा.

विसाला त्याला पिकायला जवळजवळ महिना.
पंचविसाला पंधरवडाही नको.
एवढंच गणित,
आणि मध्ये मादीचं चिमूटभर आयुष्य.

माझ्या भाषेत या दुखण्याला हिवताप म्हणतात.
आधी हीव, मग ताप,
एकाच शब्दात पाठीला पाठ लावून.
इथे हीव डोंगरावर राहायचं, ताप तळ्याकाठी,
मध्ये मटाटूचा दोन तासांचा घाट.
हीव राखणीला बसलं होतं
हे ते उठून गेल्यावर कळलं.

सरासरी सतरा पूर्णांक सहा.
सतरा पूर्णांक नऊ.
एका मार्चमध्ये त्याने अठरा पूर्णांक दोन लिहिलं,
शाई वाळू दिली,
आणि न्याहारीला गेला.

आता नात निजली आहे दवाखान्यात, चेलंगात, सहा वर्षांची.
पट्टीवर दोन रेघा.
नर्स आवुओर विचारते, खाली कधी गेली होती?
कुठेच नाही. शाळा. घर.
आवुओर तळ्याकडची. हळू बोलते:
आमच्याकडे हा पाळण्यातच भेटतो,
जी जगतात त्यांचं रक्त त्याला ओळखू लागतं.
तुम्हा डोंगरातल्यांना तो नवखा.
मोठ्यांनाही आडवं करेल.

बायको टापलेलेइ अंगणातली डबकी बुजवते आहे,
फावड्याने, रागाने,
उन्हातली आधी.

रात्री तो नातीच्या काखेतून थर्मामीटर काढतो,
दिव्याशी धरतो,
आणि श्वास रोखतो.
सवय.
एकोणचाळीस पूर्णांक चार.

खिशातलं पेन हातात आलेलं असतं.
वही मळ्यावर आहे.
तो तळहातावर लिहितो.