डावा दिवा

बटण दाबलं की उजवा दिवा
झाकण उचलून ताठ उभा राहतो.
डावा अर्ध्यावर येतो, थबकतो,
आणि आत मोटर फिरतच राहते
घर्र, घर्र, घर्र,
पोचायचं तिथे पोचलो की नाही
हे तिला कुणी सांगतच नाही.

बाबांना ते ऐकू येत नाही.
कागदाच्या गिरणीत एकतीस वर्षं,
दोन्ही कान तिथेच ठेवून आले.
हॅनकॉकच्या उतारावर, समोरच्या दुकानाच्या काचेत
एकच दिवा धड उघडलेला दिसतो त्यांना,
म्हणतात, "हेल्मी, फ्यूज बघ."

फ्यूज शाबूत.
रिले बदलला. तो आधीचाही शाबूत होता.
अर्थिंगची तार खरवडून पुन्हा आवळली.
मग डाव्याचा प्लग उजव्याला, उजव्याचा डाव्याला.
दुखणं तारांबरोबर हललं नाही,
डावीकडेच बसून राहिलं.
एवढं कळायला अख्खा शनिवार गेला
आणि बोटांची सालं.

मोटर उतरवली.
वर्तमानपत्र पसरून झाकणाचे स्क्रू काढले;
शेवटच्याने आधी इंग्रजी शिव्या खाल्ल्या, मग फिनिश.
आत काळवंडलेलं ग्रीस.
चाकाचा एक दात झिजलेला नाही,
मोटर ठणठणीत, दांडा ठणठणीत.
फक्त दोघांच्या मध्ये
नायलॉनच्या तीन गुल्ल्या असतात, शेंगदाण्याएवढ्या,
धक्के सोसायला.
त्यांचा भुगा झालेला.
चिमटीत धरला तर राईच्या शिळ्या पावासारखा चुरला.

मी काही बोलले नाही. बाबाही नाही.
वैक्को होता तोवर आम्ही त्याच्यामार्फत बोलायचो:
बाबांना सांग मीठ दे म्हणून,
हेल्मीला सांग, दार लाव.
गाडी त्याचीच. अठ्ठ्याऐंशीची फायरबर्ड,
लाल, म्हणजे एके काळी लाल.

नव्या गुल्ल्या मागवल्या तर दहा दिवस लागणार.
परवा संध्याकाळी कबरीवर मेणबत्त्या लावायच्या,
आणि तिथवर आम्ही दर वर्षी
याच गाडीने जातो, अंधार पडल्यावर.
मी म्हटलं, या वेळी ट्रक घेऊ.

बाबा उठले.
फळीवरून बर्फावरच्या हॉकीची चकती काढली.
तिच्यावर पांढऱ्या रंगात वैक्कोचं अक्षर,
एक तारीख, आणि ३–२.
त्या फळीवरची धूळसुद्धा मी पुसत नाही.
"ती नको."
ऐकू गेलं नसेल, किंवा गेलं असेल.
त्यांनी चकती शेगड्यात आवळली,
ड्रिलला पोकळ पातं लावलं.
"रबर आहे," म्हणाले. "चांगलं रबर."

जळक्या रबराचा वास गॅरेजभर.
एक गुल्ली. दुसरी.
तिसरीच्या वेळी पातं घसरलं,
तारखेतला नऊ गेला.
ते थोडा वेळ थांबले, मग पुन्हा कळ दाबली.

चाकूने कडा तासल्या मी,
नवं ग्रीस भरलं,
अंगठ्याने एकेक खोबणीत बसवली.
घट्ट. हवी त्याहून जराशी जास्तच घट्ट.

बटण.
उजवा उठला. डावा, अर्धा श्वास मागून,
पण पुरता उठला,
आणि लाकडांच्या ढिगावर दोन सारखे उजेड पडले.

"थांबली?" बाबांनी विचारलं.
मी त्यांचा हात धरून मोटरवर ठेवला.
पत्रा गार होता. आत काहीच हलत नव्हतं.
त्यांनी मान हलवली.
हात मात्र बराच वेळ तिथेच होता,
माझाही.

चकती आता पुन्हा फळीवर आहे.
तिच्या तीन भोकांतून मागची भिंत दिसते,
हिरवी,
तिघांनी मिळून रंगवलेली, एका उन्हाळ्यात,
कोपरा राहिला तो राहिलाच.