गोफ

बिसाहूकाका म्हणतात, असं नाही वं बाई,
पुस्तकातल्यावानी नको म्हणू.
इन्क्लाइन नाही. इंकलान.
जीभ खाली उतरत गेली पाहिजे,
ओल्या पायऱ्या, एक हात दोरावर.

इंकलान, मी म्हणते.
सातवीचा वर्ग सुटल्यावर वहीत लिहून घेते:
मलकट्टा. ट्रामर. टिंबर मिस्तरी. हाजरीबाबू.
चार नंबर बंद पडून एकोणीस वर्षं झाली,
तोंडावर बेशरम माजली आहे,
आणि हे शब्द वणीच्या बाजारात
भंगारवालाही घेत नाही.

चाल म्हण.
चाल, मी म्हणते, डोक्यात गाण्याची.
ते वर बोट दाखवतात.
चाल म्हणजे माथ्यावरचा दगड.
काठीनं ठोकायचा.
टण् वाजला तर बसून भाकर खायची,
भद् वाजला तर भाकर टाकून पळायचं.
"चाल आधी बोलते, मंग येते."

गोफ म्हटल्यावर मात्र मी हसले.
गोफ आम्ही गॅदरिंगला विणतो,
सोळा पोरी, रंगीत दोऱ्या.
ते हसले नाहीत.
कोळसा काढल्यावर मागं राहते ती पोकळी.
आधाराचे खांबही काढून घ्यायचे, एकेक, मागं सरकत,
आणि चाल पडू द्यायची.
गोफाजवळ शिटी वाजवत नाहीत.
"तिथं सुखरू आहे,"
म्हणाले, आणि चहा बशीत ओतला.

पाऊण टब
हा शब्द त्यांनी आपणहून दिला.
काठोकाठ भरलेला टब वर येईस्तोवर हादऱ्यानं बसायचा.
मुन्शी खडूनं लिहायचा, पाऊण.
तिजाबाई कामीन, कडेवर पोर, हातात रिकामं टोपलं,
एका सकाळी त्याच्या टेबलापुढे उभी राहिली:
"पाव कोन खाते?"

तेवढंच.
मग सव्वीस दिवस कोणी लॅम्प उचलला नाही.
लॅम्परूमच्या खिळ्यांवर तीनशे बारा दिवे,
बाहेर चिंचेखाली तीनशे बारा माणसं,
शिव्या तेलुगू, भजनं छत्तीसगडी,
अंबाडीची भाजी एकाच गंजात.
सत्ताविसाव्या दिवशी वजनकाटा आला.
आठ नावं लाल शाईनं गेली.

ती नावं ते म्हणतात
हजेरीच्या सुरात, आडनावासकट,
पोचन्ना, रामबदन, झिंगरू,
आठवं माझ्या बापाचं.
"हाजर," माझ्या तोंडून निघून जातं.
ते वहीकडे बघतात.
हे लिहू नको, म्हणतात. किंवा लिही.

शाळेच्या भिंतीला पोळ्यापासून तडा आहे.
खालून तीन नंबरची गॅलरी जाते, असं लोक म्हणतात,
नकाशा कोणाकडेच नाही.
निघताना ते वर्गाच्या फरशीवर काठी ठोकतात,
दोनदा. मान तिरपी करून ऐकतात.
काय म्हणते, काका?
"थांब," म्हणतात.
"बाहेरचे पोट्टे जरा चूप कर."