अजून थोडी आई

गीता भवनच्या मागे, तळघरात,
अंड्यांचे ट्रे चिकटवलेल्या भिंतींमध्ये
मी एकच वाक्य अठरा वेळा म्हटलं :
"भूख लगी है, चीकू?"

काचेपलीकडचा पोरगा, असेल पंचविशीचा,
कानात बाळी, समोर साय धरलेला चहा,
म्हणाला, "मॅडम, बढ़िया है.
बस थोड़ी माँ और डालिए."
जसं काही मीठ.

घातली.
शार्दूल पाच वर्षांचा असताना
टायफॉइडचा ताप उतरला त्या पहाटे
त्याच्या ओलसर कपाळावर हात ठेवून विचारलं होतं,
'पेज घेशील का रे थोडी?'
तोच आवाज शोधला,
हिंदीत उलटा केला,
त्याला चीजचा वास लावला.
लगेच ओके झालं.

कागदावर छापलं होतं :
श्रोते, वय आठ ते पंधरा.
वेळ, दुपारी तीन वीस ते साडेचार.
आणि कंसात, बारीक अक्षरांत,
पालक बहुधा घरी नसतात.
मी वाचून मान डोलावली.
खरंच होतं. नव्हतेच मी घरी.
मी इथे होते,
घरी असल्याचा आवाज काढत.

साडेचार हजार मिळाले.
अठ्ठावीसशे शार्दूलच्या गणिताच्या क्लासला गेले, भंवरकुआंला.
क्लासच्या खालीच त्यांचं दुकान.
दारात बूट घातलेली पुठ्ठ्याची खार, तीच चीकू,
पोरांच्या खांद्याइतकी उंच, मुद्दाम.
ओळखपत्र दाखवा, फ्राईज फुकट.
टेस्टमध्ये नव्वद पडले तर मोठा ग्लास,
नापास झालात तर 'गम भुलाओ' कॉम्बो.
म्हणजे पोरगं वर काहीही करून आलं
तरी खाली कोणीतरी वाट बघत असणारच.

आम्ही तरी कुठले व्रतस्थ?
दुधीच्या भाजीवरही शेव भुरभुरवणारी माणसं,
रात्री बाराला सराफ्यात
उभ्या उभ्या जिलबी खाऊन हात रुमालाला पुसणारी.
पण तिथल्या हलवायाने कधी
माझ्या पोराची शाळा किती वाजता सुटते
हे विचारलं नव्हतं.

परवा संध्याकाळी
मी तव्यासमोर.
"शार्दूल, जेवायला ये. तिसऱ्यांदा सांगतेय."
सांगतेय कसलं, घासणीच होती ती.
हेडफोन एका कानावर, मान खाली, हं नाही की चूं नाही.
एवढ्यात फ्रिजवर ठेवलेला त्याचा फोन बोलला :
"भूख लगी है, चीकू?"

आणि त्याने वर बघितलं.
ताबडतोब. लहानपणी बघायचा तसं.
आधी फोनकडे,
मग माझ्याकडे.

"ही तू आहेस ना?"
मी पोळी उलटली.
"तिकडे किती छान बोलतेस."
टोमणा नव्हता तो. चौदा वर्षांचं पोरगं,
आवडलं ते सांगत होतं.

सकाळी पिवळी कचरागाडी आली.
त्याच्या दप्तरातून निघालेला खोका माझ्या हातात,
पुठ्ठा कोरडा, कोपऱ्यात चीज वाळून बसलेलं.
गाडीवरची रामकली बाई थांबली.
"गीला कि सूखा, दीदी?"
इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला सांगता आलं नाही.
तिनेच तो फाडला, दोन डब्यांत दोन तुकडे टाकले,
गाडी पुढे गेली.

त्या रात्री मी गॅस बंद केला,
ओट्याला पाठ टेकून उभी राहिले,
घसा साफ केला (ही सवय स्टुडिओतली),
आणि मराठीत, हळू,
जितकी होती तितकी सगळी घालून विचारलं,
"भूक लागली का रे, राजा?"

शार्दूलने हेडफोन काढला.
"ऑफर काय आहे?" म्हणाला, आणि हसला.
मीही हसले.
मग थोडा वेळ
दोघंही हसत नव्हतो,
आणि ताटातल्या पोळीची वाफ
कमी कमी होत गेली.