साडेतीन टक्के

ब्लाइनाय फेस्टिनिऑगला पोचले तेव्हा
बाबा मोजे काढून स्वयंपाकघरात बसलेले.
परिचारिका मेरेरिद
नायलॉनचा एक केस त्यांच्या तळव्याला टेकवून विचारत होती:
"लागतंय?"
"हो."
"इथे?"
"हो."

माझ्या बॅगेत कार्डिफहून आणलेली चारशे पानं.
एकीकडे आठवड्याला टोचायचं नवं औषध,
एकीकडे जुनी गोळी, पाकिटावरच्या शाईइतकी स्वस्त.
किमतीतला फरक, भागिले
धडधाकट आयुष्याची जास्तीची वर्षं.
उत्तर रेषेखाली आलं तर औषध मिळतं.
वर गेलं तर समितीला चहा, मला पुन्हा आकडेमोड.

बाबांना यात नवल नाही.
आजोबांच्या काळी महिन्याच्या महिन्याला
खाणीचा कारभारी कड्यासमोर उभा राहून दर ठरवायचा.
दगड भिकार असेल तर टनामागे थोडं जास्त,
पण भिकार आहे हे पटवावं लागे, टोपी हातात धरून.
"तुमच्याकडे कोण येतं पटवायला?"
कंपनीची माणसं येतात. छान बोलतात.
पाय येत नाहीत.

मग मी त्यांना कसर समजावते:
पुढचं सगळं दरसाल साडेतीन टक्क्यांनी आटतं,
म्हणून दहा वर्षांनी वाचणारा अंगठा
आज वाचलेल्या अंगठ्याहून लहान.
ते डाव्या पायाकडे बघतात. तिथे तीनच बोटं.
"म्हणजे ही दोन पूर्ण भावात गेली."

आम्ही हसतो. मेरेरिदही,
केस हातात तसाच धरून.

"आणि मला दिलं, तर कुणाचं जाईल?"
त्याला तक्त्यात नाव नाही.
बँगोरमधलं एखादं पोर असेल, श्रवणयंत्राची वाट बघणारं,
किंवा कुणाच्या डायलिसिसची बुधवारची पाळी.
माहीत नाही, म्हणते मी.
"मग भागाकार नीट कर," ते म्हणतात,
जणू मी नऊ वर्षांची आहे.

खिडकीत छपराची एक पाटी उभी आहे, त्यांनीच तासलेली.
येता-जाता ते तिच्यावर बोटाचं पेर आपटतात.
खणखणली तर अखंड,
बद्द वाजली तर आत कुठेतरी चीर.

मेरेरिदनं कागदावर आकडा लिहिला: दहापैकी नऊ.
असेच आकडे गोळा होत होत माझ्या तक्त्यात येतात.
मी तिच्या मागे उभी होते.
बाबा पायाकडे नाही, तिच्या मनगटाकडे बघत होते,
आणि एकदा तर
केस टेकायच्या आधीच म्हणाले, "हो."