हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात बाबा इस्त्रीचा शर्ट घालून
स्टेट बँकेत जायचे,
आपण जिवंत आहोत एवढंच सांगायला.

उदगीरची शाखा, पेन्शनीची रांग,
खिडकीतला कारकून मान वर न करता विचारायचा,
"मन्मथ शिवलिंग बिराजदार?"
"काय बघलालाव साहेब, जित्ताच हाव की.
श्वास घेऊन दाखवू का?"
आणि गाल फुगवून एवढा मोठा श्वास घ्यायचे
की मागची अख्खी रांग काठ्यांसकट हलायची.
आई पदराआडून म्हणायची, "गप बसा की हो."
चाळीस वर्षं तिचं हे एकच वाक्य.

त्यांच्या नडगीवर एक वण होता, करंगळीएवढा.
मल्लूला सांगितलं, गोळी लागली.
शर्वाणीला सांगितलं, अस्वलानं चाटलं, जीभच तशी खरबरीत.
माझ्या धाकटीला, खेचरानं लाथ मारली,
पण मीही त्याला सोडलं नाही, उलट लाथ मारली.
तिघं भांडत आईकडे गेली तेव्हा आई म्हणाली,
भरतीच्या आधीचाच आहे तो,
कडबा तोडताना कोयता लागला.

घरात जेवायला हाक नसायची, फॉलिन असायचं.
ताटं घेऊन नातवंडं ओळीत,
दाएं मुड म्हटलं की मल्लू हमखास डावीकडे,
आणि शिक्षा म्हणून त्याला जास्तीचा गूळ.

आणि पत्ते.
मेंढीकोट खेळताना पानं मोजायचे कानडीत,
ओंदु, एरडु, मूरु,
आम्हाला कळू नये म्हणून, आणि आम्हाला कळायचंच.
मांडी घालून बसले की एक दश्शी
हळूच मांडीखाली जायची.
पकडलं तर म्हणायचे, उबवतोय, पिल्लं निघतील.

फक्त डिसेंबरातल्या एका रात्री
ते एकटे बसायचे ओसरीवर, कंदिलाशी, वीज असूनही.
चार डाव वाटायचे.
चौघांची पानं स्वतःच उचलायचे, स्वतःच टाकायचे,
दुसऱ्याच्या हातातलं बघितलंय हे विसरून.
त्या रात्री मांडीखाली काही जायचं नाही.
मी लहान असताना एकदा विचारलं, कोण जिंकलं?
बराच वेळ पानं जुळवत राहिले.
"आज शिवाप्पा," म्हणाले. "जा, झोप जा."
शिवाप्पा नावाचं आमच्यात कुणीच नव्हतं.
नंतर मी विचारलं नाही.
विचारायला हवं होतं, की नको होतं,
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

श्रावणात गेले.
आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात.
स्वामींनी विभूती लावली, डाव्या तळहातावर लिंग ठेवलं,
बेलाच्या पानांत खांद्यापर्यंत बुडवलं त्यांना.
माजी सैनिकांतले तिघे आले होते,
एकाच्या सलामीत हात कापत होता.
जन्मात एका जागी न बसलेला माणूस
मांडी घालून बसला होता, पाठ ताठ,
कुणी काही चोरलं तर मला दिसेल, असा.

माती लोटायच्या आधी शर्वाणी खाली वाकली.
फूल ठेवतेय, असं सगळ्यांना वाटलं.
रात्री पत्त्यांचा जोड मोजला तर एक्कावन्न.
बदामाची दश्शी नव्हती.
मी तिला काही बोलले नाही.
तीही माझ्याकडे बघत नव्हती,
अगदी त्यांच्यासारखी, आढ्याकडे.

आता नोव्हेंबर.
पेन्शन आईच्या नावावर झालीय,
आता हयात असल्याचं तिनं सांगायचं.
रांग तीच. कुणीतरी उठून तिला खुर्ची दिली.
कारकून नवा, पोरगेलासा,
मोबाईल तिच्या चेहऱ्यासमोर धरून म्हणाला,
"आजी, जरा डोळे मिचकवा, मशीनला कळलं पाहिजे."
आईनं पदर नीट केला.
माझ्याकडे बघितलं, मग मोबाईलकडे.
"डोळे कशाला," ती म्हणाली,
"श्वास घेऊन दाखवू का?"

आणि गाल फुगवले.