मांजराला ऐकू येत नाही

पुंता अरेनासला वारा सुटला की
नगरपालिका चौकात दोर बांधते,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
दोर कुणाला ओढत नाही.
असतो, एवढंच.

बाल्तासारला बाहेर आणलं तेव्हा तीन वाजले होते.
वय पाच, टॉन्सिल काढलेले,
एका पायात मोजा, दुसरा कुठे गेला कुणास ठाऊक.
चार मिनिटं झोपला शहाण्यासारखा.
मग डोळे उघडले,
पण आत कुणी राहत नव्हतं.

अंगात आल्यासारखा उसळला.
लाथा, नखं, सलाईन उपटायला निघालेला हात,
माझ्या मनगटात रुतलेले दात,
आणि ती किंकाळी. दुखण्याची नव्हे.
दुखणं निदान जागा दाखवतं,
ही नुसती भिंतीभिंतींवर आपटत होती.

नवी होते तेव्हा मी दंड दाबून धरायचे,
"शांत हो" म्हणून ओरडायचे.
ओरडायचे!
आता दिवा मंद करते, यंत्राची टिकटिक बारीक करते.
डॉक्टर ओयार्सो नळीतून थोडं औषध सोडतात
आणि चपला हातात घेऊन बाजूला होतात.

आई सामुद्रधुनीपलीकडे, पोर्वेनीरला,
खेकड्यांच्या कारखान्यात. वाऱ्यानं फेरी बंद.
मामा दाराबाहेर लोकरीची टोपी पिळत उभा.
सकाळी येर्कानं फोनवर आवाज पाठवला होता,
तो मी उशीपाशी लावला, अगदी हळू:

"बाल्ता, मी आहे.
तुझे बूट शेगडीजवळ वाळत घातलेत.
लाल बादलीतला खेकडा अजून जिवंत आहे,
मांजराला बजावून ठेवलंय, हात लावायचा नाही."
मागे पत्र्यावर वारा,
कुणीतरी हाक मारतंय, येर्का, पट्टा सुरू झाला.

पुन्हा लावला. पुन्हा.
मी काही बोलले नाही, तळवा फक्त त्याच्या पाठीजवळ,
टेकलेला नाही, जवळ.
सहाव्यांदा की सातव्यांदा लाथ अर्ध्यात थांबली.
पापणी हलली, ओठ सुजलेले,
घोगऱ्या आवाजात तो छताला म्हणाला,
"खोटं. मांजराला ऐकूच येत नाही."

मामाचा जीव भांड्यात पडला.
खेकडा बादलीत होता.

उद्या बाल्ताला यातलं काही आठवणार नाही.
बर्फाचा गोळा मिळाला, एवढंच सांगेल आईला.
मनगटावरचे दात मोजत
मी घरी निघाले तेव्हा चौकातला दोर
रिकामाच थरथरत होता.
मी धरला.