घट

राजारामपुरीत, बाराव्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर
मी रात्रभर माणसं झोपताना बघते. त्याचाच पगार.
टेपनं डोकं मोजायचं, केस बाजूला करून
लाल पेन्सिलीनं खुणा,
पेस्टनं एकेक वायर चिकटवायची,
मग काचेपलीकडं बसून
स्क्रीनवर वाट बघायची.

हुपरीचा सन्मती बाळगोंडा, वय एकतीस.
पैंजणांच्या घुंगरांना डाक लावतो.
लावता लावता झोपला, जाळ हातातच.
मांडीवरचा डाग त्यानं दाखवला नाही,
बायकोनं सांगितला.
घरात त्याला म्हैस म्हणतात. सासऱ्यांनी थर्मास दिलाय.

म्हणून चहापासूनच सांगायला घेतलं:
दिवसभर मेंदू जळतो, राख साठत जाते,
अ‍ॅडेनोसिन तिचं नाव. भरली की पापण्या जड.
चहा राख काढत नाही,
तिच्या पाटावर आधी जाऊन बसतो, एवढंच.
"लग्नातल्या आगाऊ पाव्हण्यागत," सन्मती म्हणाला.
तसंच. पण तुमचं दुखणं राखेचं नाही.

दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी दिवा घालवायचा,
वीस मिनिटं, पाच वेळा.
चार मिनिटांत हा स्वप्नात.
बाकीच्यांना तिथं पोचायला दीड तास लागतो;
ह्याला ना जिना, ना उंबरा.
मधल्या वेळात त्याला जागं ठेवायचं काम माझं.
मी गप्पा काढल्या. तो म्हणाला,
"हसवू नगासा, मॅडम. हसलो की गुडघं जात्यात.
झोप न्हवं ती. पडल्या पडल्या समदं ऐकू येतं.
लोक 'झोपला' म्हणत्यात, त्ये बी."

तिसऱ्या झोपेनंतर डॉक्टर शिरगुप्पे आले.
स्टुलावर बसून सांगायला लागले:
मेंदूच्या तळाशी चिमूटभर जागा,
तिथं सत्तरेक हजार पेशी ऑरेक्सिन तयार करतात.
जागेपण त्या खुंटीला टांगलेलं असतं.
तुमच्यासारख्यांत त्या मेलेल्या असतात.
बहुधा शरीरानंच मारलेल्या, परक्या समजून.
"किती?"
शंभरातल्या नव्वद. जास्तही.

सन्मतीनं बोटं मोडून हिशेब केला.
आटणीत घट धरतात, किलोमागं ठरलेली.
"नव्वद टक्के घट?
मालकानं पोलिसात दिलं असतं मला."
मग सरसावून बसला.
"आमच्याकडं केर बी टाकत न्हाईत, डॉक्टर.
जमिनीचा, हात धुतलेल्या पाण्याच्या तळाचा,
समदा इकत्यात. चांदी घावती त्यात.
तुमी बी माझ्या डोक्यातला केर जरा..."

डॉक्टर हसले. मी हसले.
मग तोही, आणि तिथं चुकलंच.
आधी जबडा सुटला, मग मान,
मी वायरींच्या डब्यासकट त्याला कवेत धरलं
आणि आम्ही दोघं हळूहळू फरशीवर.
बायको दारातून म्हणाली, "झोपला बघा."

औषधं आहेत. एक दुपार सांभाळतं,
एक हे कोसळणं कमी करतं.
गेलेल्या ऑरेक्सिनच्या जागी
त्याच्याच कुलपात फिरेल अशी किल्ली
अजून चाचण्यांत आहे. डॉक्टर "बघू" म्हणतात.
मी तारीख विचारत नाही.

माझ्या पर्समध्ये तिची उलटी बहीण आहे:
तेच कुलूप बंद करणारी.
सोळा वर्षांच्या रात्रपाळीनंतर
पहाटे गंगावेशीत धारेचं दूध घ्यायचं,
घरी पडदे ओढायचे, गोळी घ्यायची
आणि शेजारच्यांचा मिक्सर ऐकत पडायचं.
त्याच्याकडं जे उरलं नाही
ते माझ्याकडं नको तेव्हा जागं.
वाटून घेता आलं असतं तर,
असलं काहीतरी त्या फरशीवर माझ्या मनात आलं.

त्याचे डोळे अर्धे उघडे होते.
मी कानाशी वाकले. "ऐकताय न्हवं?
कुणी झोपला म्हटलं तरी मला ठाऊक हाय."
बायको दारातच थांबली. नंतर खाली येऊन बसली.

मिनिटभर गेलं असेल, थोडं जास्त.
ओठ हलला. मग आवाज,
जिथं तुटला होता नेमका तिथून:
"...चाळून बघा, म्हणत हुतो."